विश्लेषण : पाण्यात क्रोमियम आहे, पण कोणते?

उत्तर प्रदेशातील कानपूर देहातच्या रनिया परिसरात रसायन कारखान्यांचा क्रोमियमयुक्त कचरा वर्षानुवर्षे उघड्यावर पडून राहिला. तो झिरपून भूजल दूषित झाले आणि प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेले. अशा ठिकाणच्या पाण्याच्या अहवालात अनेकदा ‘एकूण क्रोमियम’ असा एकच आकडा असतो. ते पाणी किती घातक आहे, हे मात्र त्या आकड्यावरून कळत नाही.

एकाच धातूचे दोन स्वभाव कसे?

क्रोमियम निसर्गात मुख्यतः दोन रूपांत आढळते. चामडे कमावताना वापरले जाते ते क्रोमियम-३. ते तुलनेने कमी विषारी असून साध्या पाण्यात फारसे विरघळत नाही. क्रोमियम-६ मात्र सहज विरघळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते निश्चित कर्ककारकांच्या पहिल्या गटात ठेवले आहे.

दोन्ही वेगळे कसे करतात?

इथे आयन-विनिमय कामी येतो. घरातल्या वॉटर सॉफ्टनरमध्ये हेच तत्त्व असते. रेझिनचे बारीक मणी जड पाण्यातील कॅल्शियम पकडून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. प्रयोगशाळेत क्रोमियमच्या दोन रूपांवरील विद्युतभाराचा फायदा घेतला जातो. क्रोमियम-३ धनभारित असते, तर क्रोमियम-६ ऑक्सिजनशी जोडले जाऊन ऋणभारित क्रोमेट बनते. ऋणभारित आयन पकडणाऱ्या रेझिनच्या नळीतून नमुना सोडला की क्रोमेट अडकते आणि क्रोमियम-३ पुढे निघून जाते. मग क्षारद्रावणाने क्रोमेट धुऊन काढतात. त्यात डायफेनिलकार्बाझाइड घातले की जांभळा रंग येतो आणि रंगाच्या गडदपणावरून प्रमाण मोजता येते. पाणी फार खारे असेल तर मात्र क्लोराइड आणि सल्फेट रेझिनवरच्या जागा आधीच अडवतात.

चूक कुठे होते?

बहुतेक वेळा यंत्रापर्यंत पोहोचण्याआधीच. धातूंच्या तपासणीसाठी पाण्याच्या बाटलीत आम्ल घालण्याची सरधोपट पद्धत आहे. एकूण धातू मोजायला ती योग्यच. पण आम्लात, विशेषतः पाण्यात सेंद्रिय पदार्थ असल्यास, क्रोमियम-६ चे क्रोमियम-३ होते. मग धोका बाटलीतच ‘नाहीसा’ होतो आणि अहवाल निर्धास्त करणारा येतो. म्हणून हा नमुना अल्कधर्मी करून थंड ठेवावा लागतो. मातीसाठीही आम्ल टाळतात. सोडियम कार्बोनेट आणि सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ती ९० ते ९५ अंश सेल्सिअसवर तासभर तापवून क्रोमियम-६ बाहेर काढले जाते.

मातीची भूमिका काय?

माती स्वतःच एक आयन-विनिमयक आहे. जॉन थॉमस वे या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने १८५० मध्ये दाखवले की माती अमोनिया धरून ठेवते आणि चुना सोडते. चिकणमातीचे कण बहुधा ऋणभारित असतात. त्यामुळे क्रोमियम-३ मातीत थबकते, तर क्रोमेटला ती फारसे अडवत नाही. ढिगाऱ्यापासून विहिरीपर्यंत जाते ते नेमके घातक रूप.

नियम काय सांगतात?

पिण्याच्या पाण्यासाठीच्या ‘आयएस १०५००’ या मानकात एकूण क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. क्रोमियम-६ साठी वेगळी मर्यादा नाही. गंमत म्हणजे नदी-नाल्यात सोडायच्या सांडपाण्यासाठी ती आहे : ०.१ मिलिग्रॅम. कॅलिफोर्नियाने ऑक्टोबर २०२४ पासून पिण्याच्या पाण्यातील क्रोमियम-६ साठी लिटरला १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.०१ मिलिग्रॅम, ही स्वतंत्र मर्यादा लागू केली आहे.