एका गटारगंगेची सहकारी संस्था

महाराष्ट्रात ‘सहकारी’ हा शब्द उच्चारला की साखर कारखाना, दूध संघ, जिल्हा बँक अशी चित्रे डोळ्यांसमोर येतात. एखाद्या नदीची सहकारी संस्था असू शकते, हे मात्र आपल्याला चटकन सुचत नाही. जर्मनीच्या पश्चिमेकडील रूर प्रदेशात अशी एक संस्था १८९९ सालापासून अखंड चालू आहे. तिचे नाव ‘एमशरगेनोसेनशाफ्ट’. एमशर हे नदीचे नाव आणि गेनोसेनशाफ्ट म्हणजे सहकारी संस्था. शेतीला पाणी वाटून देण्याशी तिचा काही संबंध नव्हता. काठावरच्या शहरांनी, खाणींनी आणि कारखान्यांनी मिळून आपली घाण कशी वाहून न्यायची आणि त्याचा खर्च कोणी किती सोसायचा, हे ठरवण्यासाठी ती निघाली.

या संस्थेची कहाणी सरळ नाही. तिने आधी सर्वसंमतीने नदी मारली आणि सुमारे नव्वद वर्षांनी तीच नदी जिवंत करण्याचे काम हाती घेतले. नदीसुधार म्हटले की आपल्याकडे घाट, फरसबंदी आणि रोषणाईची चर्चा होते. नदीचा कारभार कोणी, कोणत्या अधिकाराने आणि कोणाच्या पैशाने करायचा, हा प्रश्न मागे राहतो. एमशरचा इतिहास नेमका त्या प्रश्नाचा आहे.

नदी अडली कशी

एमशर ही लहान नदी. डॉर्टमुंडजवळच्या होल्त्सविकेडे या गावी उगम, लांबी ऐंशी किलोमीटरच्या आसपास, आणि शेवटी ऱ्हाईन नदीशी संगम. तिच्या दक्षिणेला रूर आणि उत्तरेला लिप्पे या तिच्याहून मोठ्या नद्या आहेत. एमशरचा उतार मुळातच कमी, त्यामुळे पाणी संथ आणि काठ दलदलीचे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या खोऱ्यात कोळशाच्या खोल खाणी निघाल्या. पाठोपाठ पोलादाचे कारखाने आले, खेड्यांची शहरे झाली. जमिनीखालून कोळसा काढला की वरची जमीन हळूहळू खचते. जिथे मुळात उतार नाही तिथे जमीन मध्येच बसली, तर पाणी पुढे जायचे थांबते. घरांचे सांडपाणी, खाणीतून उपसलेले पाणी आणि कारखान्यांचा मैला हे सगळे त्या अडलेल्या प्रवाहात साचू लागले. पावसात ते वस्त्यांत शिरे. विषमज्वर आणि हिवताप हे त्या भागाचे कायमचे दुखणे होऊन बसले.

उपाय करायला कोणी तयार नव्हते असे नाही. अडचण वेगळी होती. एका गावाने आपल्या हद्दीतला नाला खोल केला की पाणी वेगाने खालच्या गावात जाणार. खालच्याने बांध घातला की ते वरच्या गावात तुंबणार. प्रत्येकाचा उपाय शेजाऱ्याचे संकट ठरत होता. शिवाय दोष कोणाचा हेही सांगता येईना. जमीन खचवली खाणीने, मैला सोडला शहराने, काळे पाणी सोडले कारखान्याने. नदीत एकदा मिसळल्यावर कोणते पाणी कोणाचे? अशा स्थितीत एकट्याने पैसे खर्च करणारा मूर्ख ठरतो आणि कोणीच खर्च न करणे हा शहाणपणा ठरतो.

हिशेबाची घडी

१४ डिसेंबर १८९९ रोजी बोखुम शहरात काठावरची शहरे, जिल्हे, खाणमालक आणि उद्योजक एकत्र आले आणि एमशरगेनोसेनशाफ्टची स्थापना झाली. १९०४ साली प्रशियाच्या विधिमंडळाने खास तिच्यासाठी कायदा करून तिला अधिकार दिले. जर्मनीतली अशा प्रकारची ही पहिली संस्था. तिच्या घडणीत तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत.

पहिली गोष्ट हद्दीची. संस्थेची हद्द प्रशासनाच्या नकाशावरून आखलेली नव्हती. ज्या जमिनीवरचे पाणी एमशरला मिळते ती सगळी जमीन तिच्या कार्यक्षेत्रात आली. नगरपालिका, जिल्हे आपापल्या जागी राहिले. नदीपुरता कारभार मात्र पाणलोटाच्या नकाशावर चालू झाला.

दुसरी गोष्ट सभासदत्वाची. ते ऐच्छिक नव्हते. आपल्याकडच्या सहकारी संस्थेत सभासद आपणहून येतो. इथे नदीत पाणी सोडणारा किंवा नदीच्या बंदोबस्तामुळे लाभ होणारा प्रत्येक मोठा घटक कायद्यानेच सभासद होता. ‘मी भाग घेत नाही’ म्हणण्याची सोय नव्हती, त्यामुळे दुसऱ्याच्या खर्चावर कोरडे राहणेही शक्य नव्हते.

तिसरी आणि सगळ्यात कळीची गोष्ट वर्गणीची. कोणी किती नुकसान करतो आणि संस्थेच्या कामाचा कोणाला किती लाभ होतो, यावर प्रत्येकाचा वाटा ठरे. जमीन खचवल्याचा भार खाणीवर, सांडपाण्याचा भार शहरावर आणि कारखान्यावर. आकारणी पटली नाही तर दाद मागण्याची व्यवस्था होती. पैसा सरकारी अनुदानाची वाट न पाहता दरवर्षी सभासदांकडून येई, म्हणून दूरच्या कामांसाठी कर्ज काढणेही शक्य झाले.

खाणमालकांनी हे का मान्य केले? परोपकार म्हणून खासच नव्हे. तुंबलेले पाणी त्यांच्याही खाणींना आणि कामगारांना त्रास देत होते, आणि गावोगावच्या भरपाईच्या दाव्यांपेक्षा ठरलेली वर्गणी परवडणारी होती. स्वार्थ एका टेबलाशी बसवता आला, हे त्या कायद्याचे कर्तृत्व. त्याची किंमतही होती. संस्थेच्या सभेतले प्रतिनिधित्व वर्गणीशी जोडलेले होते. जो जास्त घाण करतो तो जास्त पैसे देतो आणि त्याचा आवाजही मोठा होतो. नदीकाठी राहणाऱ्या, पण वर्गणीदार नसलेल्या माणसाला तिथे स्वतःचा आवाज नव्हता.

सर्वसंमतीने मारलेली नदी

संस्थेपुढे तांत्रिक पेच होता. शहरांमध्ये गटारे जमिनीखालून नेतात. इथे जमीन सतत खचत होती. पुरलेले नळ फुटले असते आणि दुरुस्तीसाठी सापडलेही नसते. म्हणून निर्णय झाला की एमशर आणि तिच्या उपनद्या हीच उघडी गटारे करायची. वळणे काढून नदी सरळ केली, तळाला आणि काठांना काँक्रीट घातले, दोन्ही बाजूंना बांध उभारले. जमीन आणखी खचली की बांध आणखी उंच होत. मुखाजवळची जमीन बसल्यामुळे नदीचे मुखच दोनदा, १९१० आणि १९४९ साली, उत्तरेकडे हलवावे लागले.

याच संस्थेत काम करणाऱ्या कार्ल इमहॉफ या अभियंत्याने विसाव्या शतकाच्या आरंभी सांडपाण्यातला गाळ बसवून कुजवणारी दुमजली टाकी तयार केली. वरच्या भागात पाणी निवळते, खालच्या भागात गाळ कुजतो. आपल्याकडच्या स्थापत्य अभियांत्रिकीच्या पुस्तकांतही ‘इमहॉफ टँक’ भेटते. जर्मन भाषेत तिचे नाव ‘एमशरची विहीर’ आहे. गटार झालेल्या नदीचे नाव जगभरच्या सांडपाणी-शास्त्रात असे टिकून राहिले.

आरोग्याच्या दृष्टीने योजना यशस्वी झाली. पाणी तुंबायचे थांबले, साथी ओसरल्या. दक्षिणेची रूर नदी पिण्याच्या पाण्यासाठी राखली गेली आणि घाणीचा भार एमशरने वाहिला. एक नदी वाचवण्यासाठी दुसरी बळी दिली, असे म्हणायला हरकत नाही. तिच्याभोवती कुंपणे आली, ‘आत जाऊ नका, जिवाला धोका’ अशा पाट्या आल्या. स्थानिक बोलीत या नाल्यांना जे नाव पडले त्याचा अर्थ सभ्य मराठीत ‘मैल्याचा ओढा’ एवढाच करता येईल. तो वास ज्यांनी पिढ्यान् पिढ्या सोसला ते प्रामुख्याने खाणकामगार आणि त्यांची कुटुंबे. रूर प्रदेशाचा उत्तर भाग आजही दक्षिण भागापेक्षा गरीब आहे.

इथे एक धडा आहे आणि तो कडू आहे. सगळ्या संस्थांचा समन्वय साधला म्हणजे नदीचे भले होतेच असे नाही. समन्वय हे हत्यार आहे. ते कशासाठी वापरायचे, हे टेबलाशी कोण बसले आहे त्यावर ठरते.

उलटा प्रवास

१९८०च्या दशकापर्यंत खाणी उत्तरेकडे सरकल्या होत्या किंवा बंद पडत होत्या. या खोऱ्यातली जमीन स्थिरावली. आता नळ जमिनीखाली घालणे शक्य होते आणि उघड्या गटाराचे मूळ कारणच संपले होते. लोकांच्या अपेक्षाही बदलल्या होत्या. १९८९ ते १९९९ या दहा वर्षांत ‘एमशर पार्क’ नावाच्या आंतरराष्ट्रीय बांधकाम प्रदर्शनाने ओसाड कारखान्यांच्या या पट्ट्याकडे पाहण्याची दृष्टी बदलली. १९९०च्या दशकाच्या आरंभी नदी पुन्हा नदी करण्याचे काम संस्थेने हाती घेतले.

कामाचा कणा होता डॉर्टमुंडपासून डिन्सलाकेनपर्यंतचा ५१ किलोमीटर लांबीचा भुयारी सांडपाणी मार्ग. काही ठिकाणी तो चाळीस मीटर खोल आहे, म्हणजे बारा-तेरा मजली इमारत उलटी गाडावी तितका. सांडपाणी आपल्या उताराने खाली खाली जाते आणि वाटेत तीन मोठी उपसा केंद्रे ते पुन्हा वर उचलतात. २०२१ च्या अखेरीस एमशरमध्ये सांडपाणी पडणे थांबले. २०२२ साली डिन्सलाकेनजवळ नदीला नवे, रुंद, पुराला वाव देणारे मुख मिळाले. एकूण खर्च सुमारे साडेपाच अब्ज युरो, म्हणजे पन्नास हजार कोटी रुपयांच्या घरात. लागलेला काळ तीस वर्षे.

या तीस वर्षांत सरकारे आली, गेली, महापौर बदलले. काम टिकले, कारण त्याची सूत्रे कोणत्याही एका महापौराच्या हाती नव्हती. आराखडा, वर्गणी आणि कर्जफेड यांचा धागा संस्थेकडे होता. २००५ साली खोऱ्यातल्या शहरांनी आणखी एक करार केला: पंधरा वर्षांत पावसाच्या पाण्यातले पंधरा टक्के पाणी गटारापासून वेगळे करून जमिनीत मुरवायचे किंवा ओढ्याला द्यायचे. भुयारात स्वच्छ पाणी कमी शिरले की सगळ्यांचाच खर्च वाचतो, हे आता हिशेबातून दिसत होते.

सगळे मिटले असे मात्र नाही. खचलेल्या जमिनी वर येत नाहीत. खोऱ्याचा जवळजवळ दोन पंचमांश भाग पंप बंद पडले तर पाण्याखाली जाईल. जर्मनीतली दगडी कोळशाची शेवटची खाण डिसेंबर २०१८ मध्ये बंद झाली, उपसा मात्र कायमचा चालू राहणार आहे. त्याचा भार उचलण्यासाठी खाणउद्योगाच्या पैशातून वेगळा निधी उभारलेला आहे. कोळसा संपल्यावरही कोळशाचे देणे संपलेले नाही, हे तिथे कागदावर मान्य आहे.

आपल्याकडची खुर्ची कोणाची?

पाण्याभोवती एकत्र येणे आपल्याला अपरिचित नाही. धुळे-नाशिक भागातल्या पांझरा, मोसम या नद्यांवरची फड पद्धत शेकडो वर्षे चालली. बंधाऱ्याची दुरुस्ती सगळ्यांनी मिळून करायची, पाटकऱ्याने ठरल्या क्रमाने पाणी द्यायचे. २००५ साली महाराष्ट्राने सिंचनाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांकडे देणारा कायदाही केला. मात्र या सगळ्या संस्था पाणी घेणाऱ्यांच्या आहेत. घाण सोडणाऱ्यांना एकत्र बसवून त्यांच्यात खर्च वाटणारी संस्था आपण उभारलेली नाही.

त्याच २००५ साली, २६ जुलैला, सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईला मिठी नदी आठवली. महिनाभरात मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली मिठी नदीसाठी प्राधिकरण स्थापन झाले. जेमतेम १८ किलोमीटरची ही नदी, पण कामे वाटली गेली ती लांबीने: सुमारे १२ किलोमीटर महापालिकेकडे, सहा किलोमीटर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे. एमशरमध्ये नदी अखंड राहिली आणि खर्च वाटला गेला. मिठीत नदीच वाटली गेली.

पुण्याचे उदाहरण याहून अवघड आहे. मुळा, मुठा आणि पवना या नद्यांवर दोन महापालिका, तीन कटक मंडळे, प्रदेश विकास प्राधिकरण, जलसंपदा विभाग, प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि अनेक ग्रामपंचायती यांचा वेगवेगळा अधिकार चालतो. मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते, भीमा उजनीत अडते आणि उजनीचे पाणी सोलापूर पिते. पुण्याने काय सोडले याची किंमत सोलापूर मोजते. पण पुण्याच्या कोणत्याही सभागृहात सोलापूरला खुर्ची नाही.

कायद्याचे दार बंद नाही. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने आलेल्या २४३-झेडई या अनुच्छेदात महानगर नियोजन समितीची तरतूद आहे आणि पाणी व इतर नैसर्गिक साधनांची नगरपालिका व पंचायतींमधली वाटणी तिने विचारात घ्यावी असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. महाराष्ट्राने १९९९ साली त्यासाठी कायदाही केला. पण या समितीकडे वर्गणी आकारण्याचा हक्क नाही, आणि उजनी तिच्या हद्दीबाहेर आहे.

एमशर जशीच्या तशी उचलून आणता येणार नाही. आपला पाऊस चार महिन्यांत कोसळतो, उरलेले आठ महिने नदीत धरणातून सुटेल तेवढेच पाणी असते. आपली शहरे वाढती आहेत आणि अनेक वस्त्या अजून गटाराला जोडलेल्याच नाहीत. पण त्या जुन्या कायद्यातली एक गोष्ट फार पैसे न लागता करता येईल. प्रत्येक हद्दीवर, म्हणजे एका पालिकेच्या क्षेत्रात नदी शिरते तिथे आणि बाहेर पडते तिथे, पाण्याची रोज एकाच पद्धतीने मोजणी करायची आणि आकडे वरच्या-खालच्या सगळ्या गावांना सारखेच खुले ठेवायचे. दोन आकड्यांतला फरक म्हणजे त्या पालिकेचा नदीतला वाटा. वाटा ठरला की वर्गणी मागता येते, आणि वर्गणी मागता आली की उजनीकाठच्या माणसाला तक्रारदार म्हणून दारात उभे राहण्याऐवजी येणेकरी म्हणून टेबलाशी बसता येते.