आतून लावलेली कडी

महिनाअखेरचा अहवाल काढायला एका टॅबमध्ये बटण दाबलं. तो तयार होईपर्यंत दुसऱ्या टॅबमध्ये ग्राहकांची साधी यादी बघावी म्हटलं, तर तिथेही नुसतं चक्र फिरत राहिलं. शेजारच्या टेबलावर मात्र तेच पान पटकन उघडत होतं. 'सर्व्हर स्लो आहे,' मी आमच्या संगणकवाल्याला ठणकावून सांगितलं. त्याने माझ्याच मशीनवर इनकॉग्निटो विंडो उघडून पुन्हा लॉगिन करायला लावलं. यादी झटक्यात आली. म्हणजे सर्व्हर ठणठणीत होता, माझी वाट मीच अडवली होती.

वेब सर्व्हर मुळात विसराळू. तुम्ही पाचव्यांदा दार ठोठावलंत तरी त्याला तुम्ही नवेच. यावर १९९४ साली नेटस्केपच्या लू मॉन्टुली यांनी कुकीची, म्हणजे ब्राउझरने दर वेळी दाखवायच्या चिठ्ठीची, तोड काढली. पीएचपीत लिहिलेल्या साइटवर या कुकीत एक लांबलचक क्रमांक असतो, आणि त्याच क्रमांकाची 'सेस_' ने सुरू होणारी एक छोटी फाइल सर्व्हरवर असते. ती उघडून पाहिली तर आत सगळा मजकूर सलग : नाव, उभी रेघ, मग मूल्य, अर्धविराम. तुम्ही कोण, कार्टमध्ये काय, सगळं तिथे. यालाच सेशन म्हणतात.

पानाच्या स्क्रिप्टने 'सेशन स्टार्ट' म्हटलं की पीएचपी ही फाइल उघडते आणि आतून कडी लावते. एरवी कडी निघते ती स्क्रिप्ट संपल्यावर. अहवालाला चार मिनिटं लागणार असतील, तर त्याच क्रमांकाची बाकीची पानं चार मिनिटं दाराबाहेर. सहकाऱ्याचा क्रमांक वेगळा, इनकॉग्निटोचाही वेगळा. म्हणून त्यांची फाइल वेगळी आणि कडीही वेगळी.

मग कडी काढूनच टाकावी? तसं करू नये. समजा, कार्टमध्ये तूरडाळ आहे. एका टॅबमध्ये साखर टाकली, त्याच क्षणी दुसऱ्यात चहा. दोन्ही स्क्रिप्टनी फाइल वाचली तेव्हा त्यात फक्त तूरडाळ. पहिलीने 'तूरडाळ, साखर' लिहिलं, दुसरीने त्यावरच 'तूरडाळ, चहा'. साखर गायब, आणि चूक कुठे झाली याचा माग नाही. असल्या चुकीपेक्षा थांबलेलं चक्र परवडलं, असं माझं मत. फाइलऐवजी रेडिस या डेटाबेसमध्ये सेशन ठेवलं की सगळं पळायला लागतं म्हणतात ते खरं, पण पीएचपीच्या रेडिस एक्स्टेन्शनमध्ये ही कडी मुळात बंदच असते, मुद्दाम चालू करावी लागते.

खरा घोटाळा आपल्या उतावळेपणाने होतो. पान येईना म्हणून आपण रिफ्रेश दाबतो. आधीची विनंती सर्व्हरवर बहुतेक वेळा तशीच ताटकळत राहते आणि मागे आणखी एक उभी राहते. प्रत्येक विनंती सर्व्हरचा एकेक कामगार अडवते. कामगार मोजके. ते संपले की शेजारचं टेबलही थांबतं. पीएचपीची स्क्रिप्ट चालण्यावरची ३० सेकंदांची नेहमीची मर्यादाही इथे उपयोगाची नाही, कारण लिनक्सवर असं निवांत थांबणं त्या हिशेबात धरलंच जात नाही.

आमच्या संगणकवाल्याने अडकलेल्या प्रोसेसवर 'एसट्रेस' लावून ती कशासाठी थांबली आहे ते दाखवलं. पडद्यावर एकच ओळ, 'एफलॉक', म्हणजे फाइलच्या कडीची मागणी, आणि पुढे काही नाही. मग त्याने अहवालाच्या स्क्रिप्टमध्ये लॉगिन तपासून होताच 'सेशन राइट क्लोज' ही एक ओळ घातली : जे वाचायचं ते वाचून झालं, कडी काढ, मग खुशाल चार मिनिटं आकडेमोड कर. पथ्य एकच, त्या ओळीनंतर सेशनमध्ये काही घातलं तर ते फाइलपर्यंत पोचत नाही. नुसतं वाचायचंच असेल तर पीएचपी ७ पासून वाचून लगेच बंद करण्याचा पर्यायही आहे.

अहवालाला आजही चार मिनिटंच लागतात. तेवढ्यात मी यादी चाळून घेतो.