सज्ज्याखालचा गंज

मुंबईच्या ओव्हल मैदानाभोवतीच्या इमारती विद्यार्थिदशेपासून आमच्या परिचयाच्या होत्या. परंतु परिचय म्हणजे दर्शन नव्हे, हे अलीकडे एका माहितगारासमवेत कॅमेरा घेऊन तेथे पायी हिंडताना कळले. पहिला धडा असा, की कॅमेरा वर कलता धरला की छायाचित्रात भिंती माथ्याकडे एकमेकींवर झुकतात. त्या सरळ हव्या असतील तर कॅमेरा समपातळीत धरून आपणच मागे सरावे. मागे सरण्यास मैदान होते, म्हणूनच राजाबाई मनोरा चौकटीत मावला. दुसरा धडा उन्हाचा. पूर्वेकडील गॉथिक इमारतींचे कोरीवकाम सायंकाळी खुलते, तर समोरच्या आर्ट डेको इमारतींचे सज्जे सकाळी उजळतात.

१८७८ साली पूर्ण झालेला मनोरा ही प्रेमचंद रायचंद यांची देणगी. अमेरिकेतील यादवीमुळे मुंबईच्या कापसाला आलेली तेजी १८६५ मध्ये ओसरली. वास्तू मात्र उरली. समोरची घरे प्रामुख्याने १९३० नंतरच्या दशकात, समुद्र हटवून केलेल्या भरावावर उभी राहिली. २०१८ साली युनेस्कोने या दोन्ही रांगांना जागतिक वारशाचा मान दिला.

तिसरा धडा भिंगाने दिला. एका सज्ज्याखाली पोपडे निघून गंजलेला गज उघडा पडला होता. खाऱ्या हवेत गज गंजून फुगतो आणि काँक्रीट फोडतो. येथे अर्थशास्त्र सुरू होते. १९४७ च्या कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठविली. टंचाईच्या काळात भाडेकरूस ते संरक्षण आवश्यकच होते. १९९९ च्या कायद्याने दरसाल ४ टक्के वाढीस मुभा दिली. पण मूळ रकमाच क्षुल्लक असलेल्या जुन्या घरांत त्या वाढीतून दुरुस्ती कशी व्हावी? १९९५ च्या वारसा नियमावलीने वास्तूचे रूप बदलण्यावर बंधन घातले, हे योग्यच झाले. तथापि नुसत्या मनाईने गंज थांबत नाही.

सधन वस्तीतील सज्ज्यांसाठी सर्वांनी पैसा का मोजावा, असा आक्षेप येईल. त्याचे उत्तर मैदानातच आहे. तेथे क्रिकेट खेळणारी मुले आणि लोकल गाठण्यासाठी ते ओलांडणारा कारकून हे सौंदर्य विनामूल्य भोगतात. लाभ सर्वांचा आणि खर्च एकट्याचा, अशी वाटणी फार काळ टिकत नाही. दर्शनी भाग मूळ रूपात राखणाऱ्यांस मालमत्ता करात भरीव सवलत देऊन समाजाने आपला वाटा उचलावा. अन्यथा पुढील पिढीच्या हाती केवळ आमची छायाचित्रे उरतील.