विषाद आणि प्रसाद

दुःखाविषयीं आपल्या वाङ्मयांत विपुल लिहिलें गेलें आहे. परंतु ज्याला कांहीं कारण दाखवितां येत नाहीं अशा दुःखाविषयीं आपल्या घरांतून सहसा कोणी बोलत नाहीं. पुत्रशोक, वैधव्य, दारिद्र्य हीं दुःखें सर्वांस समजतात व त्यांचें सांत्वन कसें करावें हेंही वडील मंडळींस ठाऊक असतें. पण पोटापुरतें आहे, मुलेंबाळें सुखरूप आहेत, शरीरास म्हणण्यासारखी व्याधि नाहीं, आणि तरीही सकाळीं जाग येतांच छातीवर कोणी पाटा ठेवल्यासारखें वाटतें, हें सांगावें कोणास आणि कोणत्या शब्दांत? वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षापासून ही स्थिति कमीअधिक मानानें आमच्या सोबतीस आहे. तेव्हां आज लिहीत आहों तें केवळ पुस्तकी नव्हे, एवढें वाचकांनीं लक्षांत घ्यावें.

संस्कृतांत या स्थितीस 'विषाद' असें नांव आहे. मूळ धातु 'सद्'. धातुपाठांत त्याचे विशरण, गति व अवसादन असे तीन अर्थ दिले आहेत; अवसादन म्हणजे खालीं बसणें, खचणें. मौज अशी कीं 'प्रसाद' व 'प्रसन्न' हे शब्दही याच धातूपासून निघाले. गढूळ पाण्यांतील गाळ तळाशीं बसला कीं तें पाणी प्रसन्न होतें. मनच तळाशीं बसलें कीं तो विषाद. एका उपसर्गाचें काय तें अंतर! (वर्गांत उपसर्ग शिकवितांना आम्ही हेंच उदाहरण देत असूं; मुलें तें परीक्षेपुरतें उतरवून घेत.)

चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत रोग वाढविणाऱ्या गोष्टींमध्यें विषादास अग्रस्थान दिलें आहे. म्हणजे वैद्यकानें हा विषय पूर्वींच आपल्या कक्षेंत घेतला होता. घरांतून मात्र तो वैद्याकडे न जातां बहुधा गीतेकडे पाठविला जातो. गीतेविषयीं आमच्या मनांत जो आदर आहे तो येथें निराळा सांगण्याचें कारण नाहीं. परंतु अर्जुनाच्या विषादास कारण होतें. समोर पितामह व आचार्य शस्त्रें घेऊन उभे होते, आणि मोहाचें निरसन होतांच तो युद्धास सिद्ध झाला. ज्याच्यासमोर रणांगणच नाहीं त्याच्या कोणत्या मोहाचें निरसन करावयाचें? सर्व बाजूंनीं सुखी असा जगांत कोणी नाहीं, हें समर्थांनीं मनास समजाविलें. तें विषण्ण मनुष्यास इतरांच्या आधीं पटलेलें असतें. त्यास पडलेलें कोडें निराळेंच आहे: सर्वसुखी नसूनही हीं भोंवतालचीं माणसें हंसतात कशीं?

हा प्रश्न आम्हीं अनेकांस विचारून पाहिला. आमच्या वहिनींचें वय आज ८१ आहे. ऐन तारुण्यांत वैधव्य आलें, पदरीं तीन मुलें, शिवाय चौदा माणसांचा स्वयंपाक; तरी त्यांचा चेहरा दोन दिवसांपलीकडे उतरलेला आम्हीं पाहिला नाहीं. एकदां त्या शेंगा सोलीत बसल्या असतां आम्हीं विचारलें, "वहिनी, तुम्ही आनंदी राहता तरी कशा?" हात न थांबवितां त्या म्हणाल्या, "राहायचं काय त्यात, भावोजी? सकाळचा चहा गरम मिळाला की बरं वाटतं." त्या प्रश्न टाळीत नव्हत्या. चांगल्या जठराग्नीच्या मनुष्यास अन्न कसें पचतें हें जसें सांगतां येत नाहीं, तसेंच हें. चहा आम्हीही तोच पितों. तो आम्हांस गरम लागतो, इतकेंच.

१९९६ सालीं अमेरिकेंतील मिनेसोटा येथील लिकेन व टेलेगन या मानसशास्त्रज्ञांनीं जुळ्या भावंडांविषयीं निबंध प्रसिद्ध केला. एकबीज जुळीं निरनिराळ्या घरांत वाढलीं तरी त्यांचें समाधान एकमेकांशीं बरेंच जुळतें, आणि शिक्षण किंवा मिळकत यांचा त्यांत वांटा अगदींच थोडा, असें त्यांस आढळलें. वहिनींचा चहा त्यांना जन्मतःच मिळाला होता म्हणावयाचा!

याहून बोधप्रद कथा औषधांची आहे, आणि तींत आपल्या देशाचा मोठा भाग आहे. सर्पगंधेची मुळी आपले वैद्य फार पूर्वींपासून वापरीत. १९३१ सालीं कलकत्त्यास सेन व बोस यांनीं उन्माद व रक्तदाब यांवरील तिचा गुण प्रसिद्ध केला. १९४९ सालीं मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनीं रक्तदाबावरील आपले अनुभव विलायती नियतकालिकांत छापले आणि ती जगभर गेली. पुढें तिच्यांतील रेसर्पिन घेणाऱ्या कांहीं रोग्यांस गाढ विषाद जडल्याचें डॉक्टरांनीं नोंदविलें. उलट १९५२ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या एका क्षयरुग्णालयांत आयप्रोनायझिड दिलेले रोगी विलक्षण उल्हसित झाले. अमुक रस कमी पडला म्हणून विषाद, इतकें सोपें गणित आजचे शास्त्रज्ञ मांडीत नाहींत. तथापि 'तूं मनावर घेत नाहींस' असें म्हणणाऱ्या आप्तांनीं ही कथा एकदां वाचावी.

१९८० पासून अमेरिकन वैद्यकाच्या वर्गीकरणांत अशा रेंगाळणाऱ्या विषादास 'डिस्थायमिया' असें नांव मिळालें. लक्षण असें कीं निदान दोन वर्षें बहुतेक दिवस मन खिन्न असावें. दोन वर्षें! आमची तर पन्नाशी उलटली.

चार वर्षांपूर्वीं पुतण्यानें आम्हांस मनोविकारतज्ज्ञाकडे नेलें. गोळीचा गुण दिसावयास कित्येक आठवडे लागतात व ती आपल्या मनानें एकाएकीं बंद करावयाची नसते, हें त्यांनीं बजाविलें. जोडीस मनांत येणारे विचार वहींत लिहून तपासण्याचा अभ्यास दिला. जन्मभर दुसऱ्यांच्या वह्या तपासल्या, त्यामुळें तांबड्या शाईचें हें काम आम्हांस मानवलें. आनंद झाला असें म्हणणार नाहीं. पण छातीवरचा पाटा हल्लीं दहाच्या सुमारास उतरतो, आणि कांहीं सकाळीं तो नसतोच. सूनबाई रात्रीं रक्तदाबाची गोळी व ही गोळी एकाच वाटींतून आणून देते.

तज्ज्ञ गांवांत नसेल अशा कुटुंबांकरितां एक माहिती देऊन ठेवतों. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारनें 'टेलि-मानस' नांवाची दूरध्वनीची सोय केली आहे. क्रमांक १४४१६, मूल्य पडत नाहीं, रात्रींबेरात्रींही तो लागतो, आणि मराठींत बोलतां येतें.