छंद राहिला, मासिक गेले!

दिवाळी आली की चाळीच्या अंगणात आणि बंगल्याच्या पायऱ्यांशी किल्ले उभे राहतात. दगडविटा, चिखल, वर पेरलेले अळीव, आणि बुरुजापेक्षा उंच असा मावळा! किल्ल्याच्या दरवाजातून ज्याचे पाऊलही आत जाणार नाही, असा मावळा पहाऱ्यावर उभा करताना आपल्या मुलांना काही वावगे वाटत नाही. पण शंभरांत एखादा पोरगा असा निघतो, की त्याला ते खटकते. दरवाजा एवढा, तर माणूस केवढा हवा, असा हिशेब तो मांडू लागतो. घरच्यांनी ओळखावे, की पोराला प्रमाणाचे वेड लागले! मग त्याला आगगाडी दिसली की तिची चाके मोजावीशी वाटतात, पूल दिसला की त्याच्या कैच्या कागदावर उतरवाव्याशा वाटतात. हे वेड वयाबरोबर जात नाही. पन्नाशी उलटलेली, पेन्शनीत निघालेली माणसेही त्यात सापडतात.

अशा वेड्यांचे एक मासिक होते. इंग्लंडात निघे आणि इंग्रजी वाचता येणारी मुले जिथे जिथे होती तिथे तिथे जाई. त्याचे नाव 'मेकॅनो मॅगझिन'. ते कसे वाढले, कसे उतरले आणि त्याच्या जुन्या वाचकांच्या मनाला ते का लागले, ही कहाणी मोठी बोधप्रद आहे. मासिके काढणाऱ्यांना तर आहेच. पण घरात मुले असणाऱ्यांनाही आहे.

जाहिरातीच्या पोटी जन्म

लिव्हरपूलमध्ये फ्रँक हॉर्नबी नावाचा एक कारकून होता. मांस आयात करणाऱ्या पेढीत त्याची नोकरी. आपल्या दोन मुलांसाठी त्याने पत्र्याच्या पट्ट्या कापल्या, त्यांना सारख्या अंतरावर भोके पाडली आणि नट-बोल्टांनी जोडून त्यांची यारी बनविली. एकदा केलेली वस्तू मोडून त्याच पट्ट्यांतून दुसरी करता येते, ही त्यातली खुबी. 1901 साली त्याने पेटंट घेतले आणि 1907 साली त्या खेळाला 'मेकॅनो' हे नाव मिळाले. आपल्याकडेही हे नाव जुन्या घरांतून ठाऊक आहे, आणि पुढे त्याच जातीचा 'मेकॅनिक्स' नावाचा देशी खेळ तर कित्येकांच्या मुलांनी खेळला असेल.

1916 साली, पहिले महायुद्ध ऐन भरात असताना, हॉर्नबीने मुलांसाठी एक पत्रक काढले. पाने अवघी चार. हेतू अगदी उघड होता, की मुलांनी मेकॅनोच्या पेट्या घ्याव्यात आणि मोठ्या पेटीसाठी वडिलांच्या मागे लागावे. या चार पानांचे पुढे भरदार मासिक झाले, 1922 पासून ते दरमहा निघू लागले आणि त्याला रंगीत मुखपृष्ठे आली.

मराठी वाचकांना यात नवल वाटू नये. किर्लोस्करवाडीच्या नांगरांच्या कारखान्याने 1920 साली 'किर्लोस्कर खबर' काढली, तीही मालाच्या प्रचारासाठीच. आणि त्या खबरेचे मराठी घराघरांत वाचले जाणारे 'किर्लोस्कर' मासिक झाले, हा इतिहास आपल्याला पाठ आहे. जाहिरातीच्या पोटी जन्मलेले प्रत्येक मासिक जाहिरातच राहते असे नाही. संपादक कोण आणि तो वाचकाला काय समजतो, यावर सारे अवलंबून असते.

पोराला शहाणा समजणारा संपादक

'मेकॅनो मॅगझिन'ला असा संपादक मिळाला. एलिसन हॉक्स हे त्याचे नाव. हा मूळचा खगोलशास्त्राचा नादी, सोपी शास्त्रीय पुस्तके लिहिणारा. 1921 पासून 1935 पर्यंत त्याने मासिक सांभाळले. त्याच्या काळातला अंक उघडला तर मेकॅनो हा त्यातला एक भाग. बाकी पाने पूल, बोगदे, धरणे, जहाजे, विमाने, आगगाड्यांची इंजिने, तारे आणि पोस्टाची तिकिटे यांनी भरलेली. सिडनी बंदरावरचा पूल 1932 साली खुला झाला. तो बांधला कसा, दोन्ही काठांवरून कमानी पुढे सरकत मध्ये भेटल्या कशा, हे या मासिकाच्या पोरसवदा वाचकाला आकृत्यांसह समजावून मिळे. किंमत सहा पेन्स!

लिहिण्याची रीतही पाहण्यासारखी होती. अमुक पट्टी तमुक भोकात बसवा, एवढ्यावर काम भागत नसे. हे दातेरी चाक इथे का, लहान चाकाने मोठे फिरविले म्हणजे वेग घटून जोर का वाढतो, खऱ्या यारीत हीच योजना कशी असते, हे सांगितले जाई. वाचकाने स्वतः शोधलेली जोडणी पाठविली, तर ती छापली जाई आणि तिच्यातला दोषही दाखविला जाई. बारा वर्षांच्या मुलाची चूक गंभीरपणे काढणे हा त्याचा मोठा मान असतो. मुलांना तो बरोबर कळतो.

हा नुसता पोरखेळ नव्हता, याचा दाखला 1934 सालचा आहे. मँचेस्टर विद्यापीठातले प्राध्यापक डग्लस हार्ट्री आणि त्यांचे विद्यार्थी आर्थर पोर्टर यांनी अवघड गणिती समीकरणे सोडविणारे यंत्र मेकॅनोच्या तुकड्यांतून उभे केले. खर्च सुमारे वीस पौंड. त्या यंत्राची हकीकत या मासिकात त्याच वर्षी आली. ज्या पट्ट्यांनी आपण यारी करतो, त्याच पट्ट्यांनी प्राध्यापक समीकरण सोडवितो, हे वाचून त्या पोरांच्या छातीचा पट्टा किती इंच फुगला असेल! याच धर्तीचे एक यंत्र केंब्रिजला झाले. ते फिरत फिरत न्यूझीलंडला गेले आणि ऑकलंडच्या संग्रहालयात जपले गेले.

याच कंपनीच्या हॉर्नबी आगगाड्या 1920 पासून निघत. त्या गाड्यांच्या स्टेशनांशी शोभाव्यात म्हणून लहान लहान मोटारी ओतल्या जाऊ लागल्या. त्याच 1934 पासून 'डिंकी टॉईज' म्हणून प्रसिद्ध झाल्या. 1938 साली आणखी लहान मापाची 'हॉर्नबी-डब्लो' गाडी आली. आता वाचकाला नुसते जोडकाम नव्हे, तर रूळ, फलाट, मोटार आणि माणूस यांचे एकमेकांशी प्रमाण जमविण्याचा नाद लागला. त्या नादाचा गुरू हेच मासिक.

बारीक पानांची माया

दुसरे महायुद्ध आले. धातूची खेळणी बनविण्यावर बंदी आली आणि लिव्हरपूलचा बिन्स रोडवरचा कारखाना युद्धसामग्री करू लागला. कागदाची टंचाई पडली, मासिकाचा आकार आखडला, पाने रोडावली. विकायला नवी पेटी नाही, नवी आगगाडी नाही. म्हणजे ज्या मालाच्या जाहिरातीसाठी मासिक जन्मले, तो मालच नाहीसा झाला. तरीही अंक निघत राहिला आणि वाचक त्याची वाट पाहत राहिले.

ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कारण मासिक उतरले म्हणजे काय झाले, असे विचारताच सर्वसाधारणपणे उत्तर येते, की पाने कमी झाली, कागद हलका झाला. युद्धकाळात हे दोन्ही झाले होते, आणि वाचकांनी ते मुकाट्याने सोसले. मग पुढे त्यांचा जीव कशाने उडाला?

उतरणीला लागलेली गाडी

1950 नंतरच्या दशकात जग पालटू लागले. घरात टेलिव्हिजन आला. एअरफिक्स कंपनीची प्लॅस्टिकची विमाने थोडक्या शिलिंगांत मिळू लागली. संध्याकाळी डिंक लावून बसावे, की रात्री झोपण्यापूर्वी विमान तयार! त्यांचे प्रमाणही चोख, 72 इंचांना 1 इंच. मेकॅनोच्या भोकाभोकांच्या पट्ट्या त्यापुढे ओबडधोबड दिसू लागल्या. 1956 साली 'कॉर्गी' मोटारी आल्या. त्यांना खिडक्यांच्या काचा होत्या, आणि डिंकीला धावाधाव करावी लागली. 1960 साली 'एअरफिक्स मॅगझिन' निघाले आणि प्रमाणाचे वेड लागलेल्या पोरांना नवा गुरू मिळाला.

1963 पर्यंत मेकॅनो कंपनी मासिक स्वतः चालवीत होती. मग ते परक्या प्रकाशकाच्या हाती गेले. 1964 साली कंपनीच 'लाइन्स ब्रदर्स' या मोठ्या खेळणी-कारखानदारांनी गिळली. हॉर्नबी-डब्लो गाड्यांचे उत्पादन थांबले. वर्षानुवर्षे पैसा साठवून रूळ जमविणारे एका रात्रीत पोरके झाले. मेकॅनोचा जुना लाल-हिरवा रंग जाऊन काळा-पिवळा आला. 1967 साली मासिक बंद पडले. 1968 च्या जानेवारीत दुसऱ्या प्रकाशकाने ते पुन्हा काढले. त्यात प्लॅस्टिकची मॉडेले आली, चार्ल्स ग्रँट यांची खेळण्यातल्या शिपायांच्या लढायांवरची लेखमाला आली. अंक काही टाकाऊ नव्हता. पण जुना वाचक तो चाळी आणि विचारी, 'यात आमचे मासिक कुठे आहे?'

1971 साली लाइन्स ब्रदर्सचा डोलारा कोसळला आणि दैवाची थट्टा अशी, की मेकॅनो गेली ती एअरफिक्सच्याच घरी! 1973 पासून मासिकाचे त्रैमासिक झाले. बिन्स रोडचा कारखाना 1979 च्या नोव्हेंबरात बंद झाला, 1981 च्या जानेवारीत एअरफिक्सचेही दिवाळे वाजले, आणि त्याच वर्षी हे त्रैमासिकही संपले.

अंक लहान झाला, की वाचक मोठा?

आता कोणी म्हणेल, जुन्या लोकांचे हे रडगाणे नेहमीचेच. आमच्या वेळचा अंक, आमच्या वेळचा आंबा, आमच्या वेळचे संगीत नाटक! दहाव्या वर्षी जे अद्भुत वाटते ते पन्नासाव्या वर्षी कसे वाटावे? या बोलण्यात तथ्य नाही असे नाही. आणि व्यवहाराची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. खप घटला की छपाई परवडत नाही, छपाई परवडेना की पाने घटतात, पाने घटली की खप आणखी घटतो. या भोवऱ्यात सापडलेल्या प्रकाशकाला दुष्ट म्हणून चालणार नाही.

जुन्या अंकांत जाहिराती नव्हत्या म्हणून ते चांगले होते, हेही खरे नव्हे. नाताळचा अंक तर जाहिरातींनी ओसंडून जाई, आणि मुले त्या लेखांइतक्याच चवीने वाचीत. (दिवाळी अंकात हे वाक्य लिहिताना संपादकांनी भिवया उंचावू नयेत!)

फरक निराळ्या ठिकाणी पडला. जुना अंक असे धरून चाले, की वाचक काहीतरी करणारा आहे. त्याच्या हातात पाना आहे, बोटांना तेल लागलेले आहे आणि त्याला 'का?' असे विचारायची खोड आहे. नंतरच्या अंकांत हे धरून चालणे कमी कमी होत गेले. आज आगगाडी, उद्या विमान, परवा शिपाई. जे बाजारात खपते ते दाखवावे आणि वाचकाने ते विकत आणावे. गंमत अशी, की 1916 सालच्या पत्रकाचाही हेतू विक्रीचाच होता. पण विक्रीसाठी निघालेल्या त्या मासिकाने पोराला कारागीर मानले, आणि पोराने पेटीही घेतली व मासिकही घेतले. पुढे त्याला नुसते गिऱ्हाईक मानले गेले. आणि गिऱ्हाइकाला काय, पलीकडचे दुकान उघडे असतेच.

असे दुखणे एकट्या या मासिकाचे नाही. अमेरिकेत 'फाइनस्केल मॉडेलर' हे प्रतिकृती करणाऱ्यांचे नावाजलेले मासिक 1982 साली निघाले. 2024 साली ते त्याच्या जुन्या प्रकाशनसंस्थेकडून नव्या मालकाकडे गेले. मालक बदलला, की जुना वर्गणीदार अंक हाती येताच आधी पाने मोजतो. त्याला पाने प्यारी असतात असे नव्हे. आपल्याशी बोलणारा माणूस अजून आत आहे की नाही, हे तो चाचपून पाहत असतो.

वाचकांनी उचललेला पाना

मासिक गेले, पण कहाणी तिथे संपली नाही. नट-बोल्ट जुळविण्याची सवय लागलेली माणसे रडत बसत नाहीत. 1960 नंतरच्या दशकातच इंग्लंडात प्रौढ मेकॅनोप्रेमींची मंडळे बनू लागली होती. 1988 साली छांदिष्टांनी छांदिष्टांसाठी 'कन्स्ट्रक्टर क्वार्टर्ली' हे त्रैमासिक सुरू केले. 1989 साली मेकॅनोवाल्यांची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. न्यूझीलंडच्या मेकॅनोप्रेमींनी तर 1916 पासूनच्या जुन्या अंकांची पाने संगणकावर उतरवून सर्व जगाला फुकट खुली केली. आता कोणाला शंका असेल, की म्हातारे उगाच कण्हतात, तर त्याने 1932 चा अंक आणि 1972 चा अंक शेजारी ठेवून पाहावेत. मात्र या उद्योगात एक उणीव राहिली. नवी पत्रके पिकल्या केसांच्या माणसांनी पिकल्या केसांच्या माणसांसाठी काढलेली आहेत. बारा वर्षांच्या ज्या पोरासाठी हॉर्नबीने चार पाने छापली, तो वाचक त्यांत फारसा नाही. मासिक गेल्याचे खरे नुकसान झाले ते त्याचे.

1996 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळविणारे हॅरी क्रोटो यांनी लहानपणीच्या मेकॅनोला आपल्या घडणीत मोठे स्थान दिले होते. सगळीच मुले नोबेल मिळवीत नाहीत, आणि मिळवायला हवे असेही नाही. पण हाताने काही जुळवावे, ते चुकावे, आणि ते का चुकले हे कोणी वडीलकीच्या नात्याने, पण बरोबरीचे समजून सांगावे, ही गरज प्रत्येक घरातल्या मुलाला असते. मासिक ते काम करीत होते. मासिक नसेल तर आई, वडील, मामा किंवा शेजारचे काका यांना ते करावे लागेल. यंदा अंगणातल्या किल्ल्यापाशी एखादा पोरगा मावळ्याची उंची मोजताना दिसला, तर त्याला हसू नका. जवळ बसा आणि दरवाजा केवढा हवा याचा हिशेब त्याच्याबरोबर मांडा.