उत्खननातील रोमन चिलखते : प्रकार कसा ओळखतात

रोमन सैनिकाचे अख्खे चिलखत उत्खननात क्वचितच मिळते. सापडतात ते गंजून एकजीव झालेले लोखंडाचे गोळे, सुटे खवले, पितळी बिजागऱ्या आणि आकडे. त्यांवरून प्रकार ठरवताना चिलखताचा मूळ घटक कोणता आणि तो शेजारच्या घटकाला कसा जोडला आहे, हे पाहतात.

कड्यांचे चिलखत म्हणजे लोरिका हमाटा. गंजलेल्या गोळ्याची क्ष-किरण तपासणी केली की आतल्या कड्या दिसू लागतात. एक ओळ अखंड कड्यांची, तर पुढची रिव्हेट ठोकून बंद केलेल्या कड्यांची असते. प्रत्येक कडीत शेजारच्या चार कड्या ओवलेल्या असतात. खांद्यावरचे पट्टे छातीवर अडकवणारे धातूचे आकडे सुटे मिळाले तरी त्यांवरून हा प्रकार ओळखता येतो.

खवल्यांच्या चिलखतात, म्हणजे लोरिका स्क्वामाटात, भोके महत्त्वाची. बाजूच्या भोकांतून तार घालून खवले एकमेकांना जोडत आणि वरच्या भोकांतून कापडावर शिवत. दुसऱ्या शतकापासून चारही बाजूंना तारेने जखडलेले खवलेही दिसतात. असे चिलखत अधिक ताठ असे. खवल्याचे वरचे टोक मागे दुमडून त्याच्या भोकांतून कड्या ओवल्या असतील, तर तो दोहोंचा मिलाफ असलेला लोरिका प्लुमाटा होय.

लोखंडी पट्ट्यांच्या चिलखताला आज लोरिका सेगमेंटाटा म्हणतात. त्याच्या पट्ट्या आतून चामड्याच्या वाद्यांवर रिव्हेटने बसवत. चामडे कुजते, लोखंड गंजते. पितळी बिजागऱ्या मात्र टिकतात. म्हणून उपप्रकार बहुधा त्यांवरूनच ठरतो. सुरुवातीचा प्रकार जर्मनीतील काल्क्रीझेचा. तिथे 2018 मध्ये एक जवळपास संपूर्ण चिलखत मिळाले. हॅड्रियनच्या भिंतीजवळच्या कॉर्ब्रिज येथे 1964 मध्ये जमिनीत पुरलेली लाकडी पेटी सापडली. तीत चिलखतांचे अनेक भाग होते आणि त्यांच्या आधारे एच. रसेल रॉबिन्सन यांनी या चिलखताची रचना पुन्हा उभी केली. कॉर्ब्रिजच्या एका प्रकारात खांद्यांचा व कमरेचा भाग वाद्या-बकलांनी जोडलेला आहे, तर दुसऱ्यात आकड्यांनी. नंतरचा प्रकार स्कॉटलंडमधील न्यूस्टेडचा. त्यात पाकळीदार बिजागऱ्यांच्या जागी साधे रिव्हेट आले आणि रचना सुटसुटीत झाली.

शिल्पांचा आधार जपून घ्यावा लागतो. इ. स. 113 मधील रोमच्या ट्राजन स्तंभावर लीजनचे सैनिक पट्ट्यांच्या आणि साहाय्यक दलांचे सैनिक कड्यांच्या चिलखतात दाखवले आहेत. पण रोमानियातील आदामक्लिसी येथील त्याच काळच्या स्मारकावर लीजनचे सैनिकही कड्यांच्या आणि खवल्यांच्या चिलखतात दिसतात, आणि साहाय्यक दलांच्या छावण्यांतही पट्ट्यांच्या चिलखताचे तुकडे मिळतात. तेव्हा बिजागरीवरून चिलखताचा प्रकार निश्चित सांगता येतो. ते घालणारा सैनिक कोणत्या दलाचा होता, हे मात्र तेवढ्यावरून ठरवता येत नाही.