कवळी काढल्यावरही दात खाणाऱ्यांसाठी

झोपेत दात खाण्याची सवय कवळी लागली की सुटते, असा अनेकांचा समज आहे. तो खरा नाही. वरचे सर्व दात गेलेले आणि खालचे स्वतःचे शाबूत, अशी माणसे पुष्कळ. रात्री ती कवळी काढून ठेवतात. ते योग्यच, पण झोपेत जबडा आवळला की खालचे दात थेट वरच्या हिरडीत रुततात. कवळी घालूनच झोपले तर तिचे दात झिजतात, कधी ती मधोमध तडकते. अशांना रात्रीपुरते वेगळे साधन लागते. पुण्यात आझम कॅम्पसमध्ये एम. ए. रंगूनवाला दंत महाविद्यालय आहे, पेठापेठांत दंतवैद्य आहेत. त्यांची कामे करणाऱ्या आमच्या कारागीर बांधवांनी हे काम समजून घ्यावे.

हे साधन म्हणजे दात न लावलेली कवळीच. टाळू व हिरडीवर बसणारी ॲक्रिलिकची बैठक आणि दातांच्या जागी सपाट, गुळगुळीत कट्टा. माप आणि दोन्ही जबड्यांतील अंतर दंतवैद्यानेच द्यायचे. १९४८ च्या डेंटिस्ट ॲक्टनेही डेंटल मेकॅनिकला कवळ्या व साधने बनवणारा, दुरुस्त करणारा एवढेच म्हटले होते. अल्जिनेटचे माप ठेवले की आकसते, म्हणून त्यात लगेच स्टोन ओतावा.

खरी कसोटी शिजवण्यात आहे. कट्टा जाड असतो. ॲक्रिलिकचा द्रव सुमारे १०० अंशांना उकळतो, शिवाय घट्ट होताना माल स्वतःही तापतो. फ्लास्क घाईने उकळत्या पाण्यात टाकला तर आत बुडबुडे धरतात. ७४ अंशांवर आठ-नऊ तास ठेवावा, शेवटी तासभर उकळावा आणि आपोआप निवू द्यावा. कच्च्या ॲक्रिलिकने हिरडीची आग होते. 'संध्याकाळपर्यंत द्या' म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हणावे.

प्युमिस बाहेरून फिरवावे, हिरडीकडच्या बाजूला लावू नये. आर्टिक्युलेटरवर निळा कागद धरून पाहावे. खालचे दात दोन्ही बाजूंना एकाच वेळी टेकले पाहिजेत. एकाच बाजूला खूण उठली तर साधन दुसरीकडून सुटते आणि रात्रभर घासून जखम करते. मऊ साधन तोंडात सुखाचे वाटते, पण लवकर झिजते. आमचे मत कडक ॲक्रिलिकच्या बाजूने आहे.

दिवसा कवळी आणि रात्री हे, मग हिरडीला मोकळीक केव्हा? इशाच्या नमाजनंतर झोपेपर्यंत तोंड रिकामे ठेवावे. सकाळी, रमजानमध्ये सहरीला, साधन काढून ब्रशने घासावे व थंड पाण्यात ठेवावे. गरम पाण्याने ते वाकते, हे गिऱ्हाइकाला माल देतानाच सांगावे.